भिंत किती वाजता तापते?

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास आमच्या बेडरूममधल्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवला, तर तो फार वेळ ठेववत नाही. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, बाहेर गच्चीवर थोडी झुळूक सुटलेली असते, आणि नेमकी तेव्हाच ही भिंत सगळ्यात गरम असते. दुपारी चारला ऊन तिच्यावर थेट आदळत असताना हीच भिंत आतून निमूट होती. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, बांधकामातच काही खोट आहे. तसं काही नव्हतं. नऊ इंची विटांची भिंत जशी वागायला हवी, तशीच ती वागत होती.

त्याच आठवड्यात नागपुरातल्या महाल या जुन्या भागात मावशीकडे गेले होते. तिचं सासर म्हणजे जुना दोन चौकी वाडा. आता एकच चौक उरला आहे, दुसऱ्यावर स्लॅब घातला. ढेलजेतून आत शिरलं की डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात अंगावरचा घाम निवतो. मी ओसरीत टेकले आणि खिडकी उघडायला हात नेला, तशी मावशी स्वयंपाकघरातूनच ओरडली, "राहू दे न बाप्पा! सात वाजेपर्यंत हात नको लावू त्या खिडकीला." चाळीस वर्षं या घरात काढलेल्या बाईचा तो हुकूम होता. त्यामागचं भौतिकशास्त्र मला घरी परतल्यावर कागदावर मांडून बघावंसं वाटलं.

भिंतीवर ऊन पडलं की उष्णता लाटेसारखी आत सरकू लागते. दिवसा तापणं आणि रात्री निवणं, अशी ही २४ तासांची लाट असते. भिंतीतून जाताना तिचं दोन बाबतींत नुकसान होतं: ती मंदावते आणि दमते. वीट, माती, दगड यांच्यासाठी एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. दर साडेचार इंचांना, म्हणजे एका विटेच्या रुंदीला, ही लाट साधारण चार तास मागे पडते आणि तिचा हेलकावा जेमतेम एक-तृतीयांश उरतो.

आता आमची भिंत घ्या. नऊ इंच म्हणजे दोन विटा, म्हणजे सात-आठ तासांचा उशीर. दुपारी चारचं पश्चिमेचं ऊन आत पोचणार रात्री अकरा-साडेअकराला. अंथरूण घालायची जी वेळ, तीच उष्णता येऊन थडकायची वेळ. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग दिवसभरात ३० पासून ६० अंशांपर्यंत हेलकावत असेल, तर आतल्या बाजूला त्यातला चारेक अंशांचा हेलकावा शिल्लक राहतो. मावशीच्या वाड्याची भिंत दीड फुटाची. तिथे उशीर चौदा-पंधरा तासांचा होतो आणि हेलकावा उरतो जेमतेम अर्ध्या अंशाचा. लाट पोचते दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडक्या सताड उघड्या असताना, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

जाड भिंती थंड असतात, असं आपण सहज म्हणून जातो. ते पुरतं खरं नाही, आणि इथेच जुन्या घरांविषयी बोलताना पुष्कळांची गफलत होते. जाड भिंत थंडावा निर्माण करत नाही. ती दिवस आणि रात्र यांची सरासरी काढते. नागपुरात मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं आणि किमान २८ च्या आसपास. मधला आकडा ३५. नुसत्या जाड भिंतीच्या भरवशावर राहिलात तर घर ३५ अंशांवर येऊन थांबेल. ४५ च्या तुलनेत ते सुखाचं, पण थंड नव्हे. सरासरीच्या खाली उतरायचं असेल तर रात्रीची गार हवा घरात घेऊन भिंतींना पाजावी लागते आणि दिवसाची हवा बाहेर अडवावी लागते. मावशीचा हुकूम म्हणजे नेमकी ही क्रिया. संध्याकाळी सातनंतर उघडायचं, सकाळी आठ-नऊला लावून घ्यायचं. हे करणारं माणूस घरात नसेल, तर वाड्याची निम्मी करामत वाया जाते.

चौकाचंही तसंच आहे. चौक दिवसभर थंड असतो असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या चौकात भर दुपारी अनवाणी उभं राहून बघावं. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या वेळी चौकाची फरशी पोळते. पण तेव्हा चौकात कोणी बसलेलं नसतं. तापलेली हवा धुराड्यातून निघावी तशी वर निघून जाते आणि चारही बाजूंच्या खोल पडव्यांमध्ये सावली टिकून राहते. चौकाचं खरं काम सुरू होतं अंधार पडल्यावर. विदर्भातलं उन्हाळी आकाश निरभ्र आणि कोरडं असतं. हवेत बाष्प कमी असल्यामुळे फरशी, भिंती आणि कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपात थेट आकाशाकडे सोडू शकतात. त्यांच्या लगतची हवा निवते, जड होते आणि चौकात उतरून वाटीत पाणी साचावं तशी साचते. पहाटे ओसरीत झोपलेल्या माणसाला पायथ्याची चादर अंगावर ओढावी लागते, ती या साचलेल्या हवेमुळे. हीच हवा सकाळी खिडक्या लावून कोंडून ठेवायची असते.

छपराकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं, कारण आपल्या उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छपरावर कितीतरी जास्त ऊन पडतं. वाड्याचं छप्पर खरं म्हणजे दोन छपरं आहेत. वर कवेलू, खाली सागवानी कडीपाट, म्हणजे तुळया आणि फळ्यांचं छत, आणि त्यावर मातीचा जाड थर. मधे माळा. कवेलू पातळ असतात, चटकन तापतात आणि चटकन निवतात. दोन कवेलूंमधल्या फटींतून माळ्यावरची गरम हवा सतत निसटत राहते. खालच्या माणसाला तापलेला कवेलू दिसतच नाही, त्याला दिसतो मातीच्या थराखालचा गार पाट. उन्हात छत्री धरल्यावर डोक्याला जो आराम मिळतो, तोच हा. आजच्या पाच इंची काँक्रीट स्लॅबला ना छत्री, ना जाडी. दुपारी एकचं ऊन तो चार-पाचच्या सुमारास खाली पोचवतो आणि मग मध्यरात्रीपर्यंत आपल्याकडे तोंड करून उष्णता ओतत राहतो. पंखा लावला की छताखालची तीच हवा अंगावर येते. दोष सिमेंटचा नाही. चुकलेलं आहे ते उघड्यावर, सावलीशिवाय अंथरलेल्या त्या पातळ थराचं वेळापत्रक.

मातीविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपल्या भाषेतच ते ज्ञान साठवलेलं आहे. गावाच्या शेतीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. विदर्भातल्या काळ्या कापसाच्या मातीत पाणी शोषून फुगणारी खनिजं भरपूर असतात. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला हे मानवतं, भिंतीला नाही. पांढऱ्या मातीत चुनखडीचा अंश असतो आणि ती फुगते कमी, म्हणून भिंती पांढरीच्या. वरून चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी दिवाळीआधी चुन्याचा हात. चुना भट्टीत भाजताना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. वर त्याचा पांढरा रंग पडलेलं बहुतेक ऊन परतवून लावतो.

नागपूरचं वय फार नाही. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास ते वसवलं. पुढे रघूजी भोसल्यांनी राजधानी केल्यावर महाल, इतवारी, बुधवारी या भागांत वाडे उभे राहिले. सागवान गोंडवनाच्या जंगलातून आलं. भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा, कोरीव लाकडाने मढवलेला राजवाडा १८६४ साली आगीत गेला. जुन्या घरांचं कौतुक करताना ही आगही विसरता कामा नये. लाकूड जळतं, त्याला वाळवी लागते. कवेलू दरवर्षी मृगाच्या आधी उतरवून नीट बसवावे लागतात, माकडं ते विस्कटून टाकतात आणि पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल धरतात. मावशीला हे सगळं चांगलं माहीत आहे. दुसऱ्या चौकावर स्लॅब का घातला, ते तिला विचारलं तर ती कवेलू बसवणारी माणसं मिळत नाहीत एवढंच सांगते.

इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगले आले. त्यांची रीत वेगळी. वाडा आत वळून बसतो, बंगला झाडांच्या मधोमध उभा राहतो. उंच छत, छताजवळ दोरीने उघडायचे झरोके आणि चहूबाजूंनी व्हरांडा. गरम हवा वर जाऊन झरोक्यातून बाहेर पडते आणि खाली बसणाऱ्याला तिचा त्रास कमी होतो. मला त्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो तो दक्षिणेचा व्हरांडा. डिसेंबरात दुपारी सूर्य नागपूरच्या क्षितिजापासून जवळपास ४५ अंशांवर असतो. म्हणजे आठ फूट उंचीवरच्या छपराच्या कडेखालून ऊन बरोबर आठ फूट आत येतं, व्हरांडाभर पसरतं आणि म्हातारी माणसं तिथे खुर्ची टाकून बसतात. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे त्याच व्हरांड्यात तेव्हा तिरीपही येत नाही. एकही हलता भाग नसलेलं हे यंत्र आहे. पूर्व-पश्चिमेला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन आडवं येतं आणि छज्जाच्या खालून आत शिरतं. तिथे उभा अडसर हवा: झाड, जाळी, चिक किंवा वाळ्याची ताटी.

त्या ताटीचंच तत्त्व आपल्या कूलरमध्ये आहे. दीड लिटर पाणी हवेत वाळलं की ते साधारण एक युनिट विजेएवढी उष्णता गिळतं. मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांवर असेल, तर ओली ताटी हवेला तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरवू शकते. प्रत्यक्षात ती थोडी वरच थांबते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला हाच आकडा २९ च्या आसपास येतो, म्हणून पाऊस पडला की कूलर नुसता चिकचिक करतो. कूलरला एक खिडकी उघडी लागते हेही अनेकजण विसरतात. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीतच बाष्प साठतं.

आता नव्या बंगल्यांवर वाड्याचे कोरीव हस्त (छपराला आधार देणारे लाकडी हात), महिरपी आणि उतरत्या लाल कौलांचे पट्टे दिसतात. ते पाहून मला आनंदही होतो आणि हळहळही वाटते. कौलं स्लॅबलाच चिकटवलेली असतात, मधे हवेची पोकळी नसते, म्हणजे छत्री आहे पण ती डोक्याला चिकटवलेली. महिरप पश्चिमेच्या काचेवर असते आणि तिची सावली कुठेच पडत नाही. तेवढ्याच पैशांत ती कौलं स्लॅबपासून वीतभर उचलून बसवता आली असती. गच्चीला पांढऱ्या चिनी टाइल्सचे तुकडे लावता आले असते. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली उभ्या विटांची, मधे पोकळी ठेवणारी भिंत बांधता आली असती. ती नऊ इंचांतच बसते, विटा सुमारे पाव हिस्सा कमी लागतात आणि आतली बंदिस्त हवा उष्णतेची वाट अडवते. फ्लॅटमध्ये चौक येणार नाही हे मान्य. पण बिल्डिंगमधली डक्ट वरून पत्र्याने झाकून टाकण्यापेक्षा उघडी ठेवली, तर रात्री तिचाही थोडा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर काळजीत टाकते. वाड्याची सगळी भिस्त गार रात्रीवर आहे. आजूबाजूचे स्लॅब, डांबर आणि एसीची बाहेरची यंत्रं रात्रभर उष्णता सोडत राहिली, तर चौकात उतरायला गार हवा येणार कुठून? मावशी म्हणते, पहाटेची चादर आता एप्रिलमध्येच तेवढी लागते.

आमच्या भिंतीचं मी शेवटी काय केलं, तर बाहेरून बांबूची चिक सोडली, भिंतीपासून हातभर अंतरावर. आतून जाड पडदा लावून काही उपयोग नव्हता, कारण तोवर ऊन विटेत शिरलेलं असतं. चिक होळीला चढवते आणि मृग लागला की उतरवते. मावशीच्या सांगण्यावरून खिडक्या सकाळी आठला लावते. रात्री अकराला तळहात ठेवून बघायची सवय काही सुटलेली नाही. भिंत अजून कोमट लागते, पण आता हात काढावासा वाटत नाही.