होकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत

‘मुलाच्या अवयवदानाला आईवडिलांनी होकार दिला की डॉक्टर त्याला वाचवायचे प्रयत्न सोडतात’, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. व्हेंटिलेटरवर छाती हलतेय, हात गरम लागतोय, अशा वेळी ही शंका कुणालाही येईल.

क्रम मात्र उलटा असतो. आधी मेंदूमृत्यू (मेंदूचं सगळं काम कायमचं थांबणं) ठरतो, तोही प्रत्यारोपणाच्या टीमबाहेरचे डॉक्टर ठरवतात; होकाराचा प्रश्न त्यानंतर येतो. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुल्या आक्रसतात का, श्वासनळीत नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे ते पाहतात. मग ऑक्सिजन देत राहून व्हेंटिलेटर काही मिनिटं काढतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढूनही एकसुद्धा श्वास घेतला गेला नाही, तर मेंदूचं श्वासाचं केंद्र बंद पडलेलं असतं. मुलांमध्ये हे सगळं काही तासांनी पुन्हा तपासतात. तान्ह्या बाळांत मधलं अंतर जास्त. (कोमा वेगळा, त्यात मेंदूचं काही काम चालू असतं.) हृदय धडधडतं, कारण त्याचे ठोके मेंदूच्या हुकमाशिवायही पडतात, ऑक्सिजन मिळेपर्यंत.

खात्री करायचीय? दोन्ही तपासण्यांच्या वेळा आणि सह्या केसपेपरवर असतात, त्या दाखवायला सांगा. श्वासाची तपासणी स्वतः पाहू देण्याची विनंतीही करता येते. असं विचारण्यात संकोच नको.