आपल्याला जमेल अशी पद्धत: सेल्फ डेव्हलपमेंट आलं कुठून आणि सोलापूरकरानं त्यातलं काय घ्यावं

सोलापुरात आता सात रस्ता असो की नवी पेठ, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, स्पोकन इंग्लिश, पब्लिक स्पीकिंग असले बोर्ड जाईल तिथं दिसतात. मोबाईलवर तर रोज नवा कोच आणि नवी पद्धत, कुणी म्हणतंय पहाटे पाचला उठा, कुणी म्हणतंय डायरी लिहा, कुणी म्हणतंय आधी टेस्ट देऊन स्वतःचा टाइप ओळखा. बारावी झालेला पोरगा पण विचारतोय आणि चिंचोळी एमआयडीसीत कित्येक वर्षं सुपरवायझर असलेला माणूस पण विचारतोय, की यातलं मी नेमकं काय धरू. मला मनापासून वाटतं की याचं उत्तर द्यायच्या आधी या पद्धती आल्या कुठून ते बघायला पाहिजे, कारण प्रत्येक पद्धत कुणीतरी, कुठल्यातरी गावात, ठराविक माणसांच्या ठराविक अडचणीसाठी काढली होती, आणि ती अडचण आपली आहे का नाही एवढं कळलं तरी अर्धी निवड तिथंच होऊन जाते.

आधी आपल्या गावापासून. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात सूत-कापडाची मिल काढली, तीच आपली जुनी मिल. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिली आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्व भागात घरोघरी हातमाग आणि पुढं पावरलूम लागले. या सगळ्या काळात माणूस शिकायचा कसा, तर शेजारी उभं राहून. घरातलं पोर आधी कांड्या भरायचं, मग तुटलेला दोरा सांधायला शिकायचं, मग कधीतरी मागावर बसायचं. मिलमध्ये बदली कामगार म्हणून चिकटायचं आणि जुन्या माणसाचा हात बघत बघत तयार व्हायचं. विडी वळणाऱ्या बायकांचं पण तसंच, आईच्या शेजारी बसून पान कापायला शिकायचं आणि मग वळायला. यात सर्टिफिकेट नव्हतं पण एक गोष्ट फार मोलाची होती, चूक झाली की त्याच मिनिटाला कुणीतरी दाखवायचं. दोरा तुटला तर तुटलेला दिसतोच ना, त्याला फीडबॅक फॉर्म लागत नाही.

पण या शिकण्याची एक मर्यादा होती आणि ती आपल्याला फार महागात पडली. शिकवणाऱ्याला जेवढं येतंय तेवढंच पुढच्याला यायचं. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, नव्वदच्या दशकात बाकीच्या मिलींचे पण भोंगे थांबत गेले, आणि हजारो माणसं हातात पक्कं कसब असून रस्त्यावर आली, कारण हिशेब मांडणं, अर्ज करणं, इंटरव्ह्यूत बोलणं, दुसऱ्या धंद्याचा विचार करणं यातलं काहीच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आज सोलापूरची पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन क्लास लावतात, इथं घरचे कर्ज काढून फी भरतात, त्या भुकेमागं हा इतिहास आहे असं माझं मत आहे. तिला नावं ठेवू नयेत.

आता जगात हे सगळं कुठून सुरू झालं ते बघा. सेल्फ हेल्प या नावाचं पुस्तक सॅम्युअल स्माइल्सनं १८५९ साली काढलं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण त्याच्या आधीची गोष्ट कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या लीड्सला, म्हणजे लोकरीच्या कापडाच्या गावात, दोन-तीन गरीब कामगार पोरं संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना वाचायला-लिहायला आणि गणित शिकवू लागली, ज्याला जे येतंय ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून त्यांनी एक कळकट खोली भाड्यानं घेतली जिथं आधी कॉलऱ्याचं तात्पुरतं हॉस्पिटल होतं आणि म्हणून ती कुणी घेत नव्हतं. त्याच मंडळींनी १८४५ च्या सुमारास स्माइल्सला चार शब्द बोलायला बोलावलं आणि त्या भाषणांतून पुढं ते पुस्तक झालं. म्हणजे एकट्यानं स्वतःला घडवण्याचा जो ग्रंथ म्हणून जगभर गेला तो मुळात घोळक्यातून आला होता! पुस्तक पुढं गेलं आणि घोळका मागं राहिला. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीचं असंच झालेलं दिसतंय, आणि पद्धत निवडताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्याच पुस्तकाचा दुसरा धागा थेट मागाकडं येतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७१ साली त्याचं जपानी भाषांतर निघालं आणि तिकडं खूप वाचलं गेलं. ते वाचून पेटलेल्यांत साकिची टोयोडा होता, सुताराचा मुलगा, आईला मागावर राबताना बघून माग सुधारायच्या मागं लागलेला. त्याच्या मागाची खासियत अशी की दोरा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड पुढं विणलं जातच नव्हतं. १९२४ चा त्यांचा ऑटोमॅटिक माग इतका सरस होता की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं त्याचे हक्क विकत घेतले, आणि त्याच घराण्यातून पुढं टोयोटाची मोटार कंपनी उभी राहिली. चूक झाली की तिथंच थांबायचं, का झाली असं परत परत विचारत मुळापर्यंत जायचं, रोज थोडं सुधारायचं, हे जे कायझेन म्हणून आज ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर दाखवतात त्यातलं बरंच त्या कारखान्यांतल्या रोजच्या कामातून आलेलं आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेल्या माणसानं कायझेन परकं समजू नये, ते आपल्याच धंद्यातून निघालंय.

बोलायची भीती घालवायच्या पद्धतींचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएत, म्हणजे तरुणांसाठीच्या एका ख्रिस्ती संस्थेत, डेल कार्नेगीनं रात्रीचा भाषणाचा वर्ग घेतला, समोर दिवसभर नोकरी करून आलेले लोक. शिकवायचं मटेरियल संपलं तेव्हा त्यानं लोकांनाच उठवून बोलायला लावलं, तुम्हाला कशाचा राग येतो ते सांगा म्हणाला, आणि लोक न अडखळता बोलू लागले. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना इथं, परत वायएमसीएतच, राल्फ स्मेडलीनं टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब भरवला, तिथं तर शिक्षकच नाही, सभासदच एकमेकांचं भाषण ऐकून काय जमलं काय नाही ते सांगतात. हे आजही तसंच चालतंय म्हणून आजही उपयोगी पडतंय. उलट ऑनलाईन पब्लिक स्पीकिंगचा कोर्स नुसता एकट्यानं बघून सभेत बोलता येईल का, मला नाही वाटत, भीती माणसांची आहे तर ती माणसांसमोरच जाणार.

मग दुसरं महायुद्ध. अमेरिकेत कुशल कामगार सैन्यात गेले आणि नवख्या माणसांना लवकर तयार करायचं होतं, तेव्हा १९४० मध्ये सरकारनं ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा उपक्रम काढला. त्यात फोरमनला शिकवायचं कसं हे शिकवत, आधी समोरच्याला तयार करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग सोडून द्या पण लक्ष ठेवा. युद्धानंतर हे जपानला गेलं आणि तिथं मुरलं. ज्याच्या हाताखाली चार पोरं आहेत अशा माणसाला मी दुसऱ्या कशाच्याही आधी हेच सांगेन, आणि आपल्याकडचा जुना विणकर नेमकं हेच करत होता, फक्त चार पायऱ्या लिहून काढलेल्या नव्हत्या.

त्याच युद्धाच्या काळात इसाबेल मायर्स आणि तिची आई कॅथरीन ब्रिग्स यांनी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकावरून स्वभावाचे १६ टाइप ठरवणारी टेस्ट तयार केली, पहिल्यांदाच कामावर जाणाऱ्या बायकांना आपल्याला कुठलं काम सोसेल ते कळावं असा हेतू होता. हेतू चांगला होता, पण दोघींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, आणि तीच टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदलतो हे पुढं अभ्यासांत दिसलं. तू बघून शिकणारा, तू ऐकून शिकणारा असं जे शाळा-कॉलेजात सांगतात त्याचं पण तेच, २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास तपासले आणि अशा प्रकारानुसार शिकवलं तर जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा नाही असं मांडलं. गप्पा मारायला, स्वतःबद्दल बोलायला सुरुवात म्हणून टेस्ट ठीक, पण त्यावर कोर्स किंवा नोकरी ठरवू नका, आणि त्यासाठी पैसे तर अजिबात देऊ नका.

भारतातलं एक उदाहरण मात्र मला फार जवळचं वाटतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड म्हणत होते की काहीतरी करून दाखवायची ओढ मोठेपणी पण वाढवता येते. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योगांच्या ट्रेनिंग संस्थेत, जिला तेव्हा सिएट म्हणत, थोड्या दिवसांचं ट्रेनिंग दिलं. फार सोपं नाही आणि अशक्य पण नाही असं ध्येय ठरवायचं, जोखीम मोजून घ्यायची, आणि आपल्या धंद्यात परत जाऊन करायचं. नंतर बघितलं तर ट्रेनिंग न घेतलेल्यांपेक्षा या लोकांनी जास्त हालचाल केली, नवे धंदे काढले, जास्त माणसं कामाला लावली. जात किंवा जुन्या चालीरीती आड येत नाहीत असं पण त्यातून दिसलं. पुढं देशात उद्योजकता विकासाचे जे कार्यक्रम निघाले त्यांना इथून बळ मिळालं, आपल्या राज्यात १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. एक लक्षात घ्या, ते व्यापारी एकाच गावचे होते, परत गेल्यावर पण एकमेकांना भेटत होते. दोन दिवसांच्या सेमिनारला जाऊन आल्यावर आठवड्याभरात जोश उतरतो तो का, याचं उत्तर मला इथं सापडतं, आपल्याबरोबर ते ऐकलेलं माणूस परत आल्यावर आजूबाजूला कुणीच नसतं.

मराठीत पण ही परंपरा जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, भाऊराव पाटलांनी रयतमधून कमवा आणि शिका रुजवलं, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये निघालेल्या किर्लोस्कर खबरनं घराघरात उद्योगाचा विचार नेला. सगळीकडं शिकणं आणि काम एकत्रच.

मग निवडायचं कसं. मी तरी आधी आपल्याला अडतंय कुठं ते बघायला सांगेन. हातात कसब नसेल तर विजापूर रोडचं आयटीआय किंवा कुणाच्या तरी हाताखाली अप्रेंटिस, तिथं मोटिव्हेशनचा काही उपयोग नाही. कसब आहे पण तोंड उघडत नाही तर बोलायचा ग्रुप, आणि आपल्याकडं घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी असं असताना इंग्रजीचा न्यूनगंड धरायचं कारणच नाही, तीन भाषा येणाऱ्याला चौथी येतेच. डिग्री राहिलीय तर नोकरी सांभाळून नाशिकचं मुक्त विद्यापीठ, ते १९८९ पासून याचसाठी आहे. आणि दिशाच कळत नसेल तर मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरनं १९९९ च्या लेखात सांगितलेली जुनी रीत करून बघा, तिला एक वही सोडून काही खर्च नाही. मोठा निर्णय घेताना काय होईल असं वाटतंय ते लिहून ठेवायचं, नऊ-बारा महिन्यांनी उघडून खरं काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. दोन-तीन वर्षांत कळतं आपल्याला काय जमतंय आणि कुठं आपण उगाच झगडतोय, आणि हे कुठल्याही टेस्टपेक्षा खरं असतं कारण ते आपल्याच कामातून आलेलं असतं.

फी भरायच्या आधी क्लासवाल्याला तीन गोष्टी सरळ विचारा, लाजायचं नाही. मी इथं हातानं किंवा तोंडानं काय करणार, माझी चूक कोण आणि कधी दाखवणार, आणि कोर्स संपल्यावर ही बॅच परत भेटते का. तिसऱ्याला उत्तर नसेल आणि बाकी सगळं आवडलं असेल, तर आपल्या गल्लीतले अजून दोघं-तिघं बरोबर घेऊनच नाव घाला.