फॉरवर्डची सनद कोण विचारणार?

मुंबईत मदनपुरा किंवा गोवंडीच्या मकतबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, ‘कायदा’ (अरबी अक्षरओळखीची पुस्तिका) संपवलेलं मूल नाझरा करू लागतं, म्हणजे कुरआन पाहून बिनचूक वाचतं. अर्थ कळतोच असं नाही. वाचन-आकलन म्हणजे अक्षरं उकलणं गुणिले भाषा समजणं, असं सूत्र गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं. गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. त्यात कुरआनात जेर-जबर-पेश या स्वरांच्या खुणा छापलेल्या असतात, उर्दू वर्तमानपत्रात बहुतेक गाळलेल्या. म्हणून नाझरा सफाईने करणारं मूल बातमी वाचताना अडखळतं. त्याला कच्चं ठरवू नये. पाच ओळींचा एकच उतारा आधी खुणांसह, मग खुणांविना वाचून घ्यावा आणि अर्थ त्याला घरच्या बोलीत सांगू द्यावा.

मोबाइलवर येणारे फॉरवर्ड तपासायला मात्र मकतबाकडे हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) पारखण्याची पद्धत आहे, आणि ती वर्गात फार कमी वापरली जाते याची खंत वाटते. सनद म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी; मतन म्हणजे मजकूर. साखळीतला एक रावी (सांगणारा) गळाला किंवा बेभरवशाचा निघाला, तर हदीस जईफ, म्हणजे कमकुवत, ठरू शकते. रचलेली असेल तर मौजू.

आठवी-नववीच्या मुलांना घरी आलेला एक धार्मिक फॉरवर्ड आणायला सांगावा. आधी सनद: कोणी पाठवला, त्याला कुठून आला? व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण असेल, तर मजकूर मूळ माणसापासून किमान पाच चॅट दूर आलेला असतो. स्क्रीनशॉट काढला की तो बाणही जातो, म्हणून स्क्रीनशॉटवर दुप्पट संशय घ्यावा.

मग मतन. आयतीचा, म्हणजे कुरआनातल्या वचनाचा, क्रमांक मुसहफात (कुरआनाच्या छापील प्रतीत) शोधून मागचं-पुढचं वाचायचं. सूरह माऊन या अध्यायाची चौथी आयत एकटी वाचली, तर नमाज पढणाऱ्यांचाच धिक्कार वाटतो. पाचवी सांगते की हे आपल्या नमाजीबाबत गाफील राहणाऱ्यांबद्दल आहे. अर्धी आयत कापून फिरवली की काय होतं, हे मुलांना इथे लगेच उमगतं.

हदीसेच्या क्रमांकावर मुलं हमखास फसतात. एकाच संग्रहाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत क्रमांक बदलतात. तेव्हा क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच ‘खोटं’ लिहायचं नाही. किताब (विभाग) आणि बाब (प्रकरण) यांचं नाव घेऊन पुन्हा शोधायचं. तरीही सापडलं नाही, तर वहीत ‘तपासणी बाकी’ लिहायचं आणि तो मजकूर पुढे पाठवायचा नाही.