पार्श्वभूमी : मराठी पान स्क्रीन रीडरला का वाचता येत नव्हतं

अंध माणूस संगणक वापरतो तो ऐकून. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. माउसला हात न लावता टॅब, अ‍ॅरो आणि शॉर्टकटवर सगळं काम चालतं. सरावलेल्यांचा आवाज इतक्या वेगाने धावतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द उमगत नाही. ही सोय मात्र वर्षागणिक सुधारतच गेली असं नाही. डोळसांसाठी संगणक सोपा झाला आणि अंधांसाठी मुका, हे निदान दोनदा घडलं.

विंडोजच्या आधीच्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या डॉसच्या जमान्यात काम सोपं होतं. पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी. कुठल्या जागी कुठलं अक्षर आहे ते मेमरीत जसंच्या तसं नोंदलेलं असे. ते उचलून आवाजाच्या यंत्राकडे पाठवलं की झालं. आयबीएममधले जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात या धर्तीवर स्क्रीन रीडर घडवला. टेड हेंटर मोटरसायकल शर्यतींतले. १९७८ मध्ये कार अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रॅमिंग शिकले. १९८७ मध्ये बिल जॉइस यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली, आणि त्यातून पुढे ‘जॉज’ हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर आलं.

मग विंडोज आलं. आता पडद्यावर अक्षरं नव्हती, अक्षरांची चित्रं होती. ठिपक्यांमधून शब्द कसा ओळखायचा? प्रोग्रॅम विंडोजला ‘इथे हे लिही’ असा हुकूम देतो, तो वाटेतच ऐकायचा आणि पडद्याची एक नक्कल मनाशी ठेवायची, अशी शक्कल निघाली. जॉजची विंडोज आवृत्ती १९९५ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने स्क्रीन रीडरला बटनाचं नाव आणि प्रकार थेट कळवण्याची व्यवस्था दिली ती त्यानंतर, १९९७ मध्ये. अल्पदृष्टी असलेल्यांना पडद्याचा भाग मोठा करून दाखवणारं भिंग विंडोज ९८ पासून आयतं मिळू लागलं.

उरला पैशाचा प्रश्न. जॉजची किंमत तेव्हा हजार डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ती कुठून आणायची? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेमी तेह हा त्याचा मित्रही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरातली. एनव्हीडीए फुकट आहे आणि त्याचा कोड कोणालाही बदलता येतो. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज यंत्रासारखा खरखरीत, पण तो मराठी बोलतो. ही बाब लहान नाही, कारण हिंदी आवाजाला मराठी वाचायला लावलं तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकाच साच्यातून निघतो.

दुसरा घोळ आपल्या घरचा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठराविक क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये तिचा आधारही आला. तरी डीटीपीवाले, छापखाने आणि कचेऱ्या जुन्या फॉन्टवरच अडून राहिले. या फॉन्टमध्ये फाइलीत साठतं ते इंग्रजी अक्षर. दिसतं फक्त मराठी. कृतिदेव ०१० मध्ये ‘मराठी’ लिहा, फाइलीत ई, जे, के, बी, एच एवढंच असतं. डोळ्यांना काही खटकत नाही. स्क्रीन रीडर मात्र प्रामाणिकपणे ई, जे, के वाचत सुटतो, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की मशीन बिघडलं. मग संगणकावरच जुळवलेल्या पानाची चित्रासारखी ओळख करून घेऊन ते पुन्हा मजकुरात आणायचं! हा द्राविडी प्राणायाम आजही करावा लागतो, कारण जुन्या पीडीएफ तशाच पडून आहेत आणि नव्यांतही कुणी कुणी पान नुसतं स्कॅन करून चिकटवतो.

पुस्तकांच्या बाबतीत कायदाही आडवा येई. अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक स्कॅन करून देणं हे कॉपीराइटच्या भाषेत प्रत काढणंच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये अंधांसाठी सुरू झालेल्या केंद्रासह अनेक संस्थांनी हा विषय लावून धरला. २०१२ च्या दुरुस्तीने अशा प्रती काढायला मुभा मिळाली. अशा प्रतींना देशोदेशी मुभा देणाऱ्या २०१३ च्या मराकेश करारावर २०१४ मध्ये शिक्कामोर्तब करणारा भारत हा पहिला देश.

दरम्यान काम फोनवर सरकलं. २००९ मध्ये आयफोनमध्ये स्क्रीन रीडर आयता आला, अँड्रॉइडवरही ‘टॉकबॅक’ त्याच वर्षी. गुळगुळीत काचेवर अंध माणूस काय करणार, ही शंका त्याने मोडीत काढली. पण बँकेचं अ‍ॅप उघडलं की ‘बटन, बटन, बटन’ एवढंच ऐकू येतं, कारण बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलेलं नसतं. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, तर चेहरा चौकटीत धरा आणि डोळे मिचकावा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची ही पद्धत बदलण्यासाठी निर्देश दिले.