येळ्ळूरचं धुकं, गोव्याचा वारा

जानेवारीत पहाटे बेळगावजवळच्या राजहंसगडावर चढलं की खालची येळ्ळूरची शिवारं दिसतच नाहीत. चुलींचा, शेकोट्यांचा धूर धुक्यात मिसळून एका उंचीवर अडकलेला असतो, वरून ताट झाकल्यासारखा. रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण होते. त्या झाकणाखाली माती आणि झाडं रात्रभर श्वास सोडत राहतात, म्हणून पहाटे तिथं कार्बन डायऑक्साइड जास्त. हा वायू जड म्हणून खाली साचतो असं सांगणारे भेटतात; पण तसं असतं तर उन्हं चढल्यावर तो पांगलाच नसता. दुपारी हवा घुसळली जाते आणि आकडा उतरतो.

किनाऱ्यावर या खेळात समुद्रही उतरतो. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे भूगोलात सगळ्यांनीच घोकलेलं. म्हणजे रात्री तिथं जमिनीचा श्वास मोजला जातो, दुपारी समुद्रावरची हवा. गोव्यात काबो द रामच्या टोकावर १९९३ पासून काही वर्षं काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती तपासायला ऑस्ट्रेलियाला जायची. अशा ठिकाणी वाऱ्याची दिशा न पाहता बाटली भरली, तर गावचीच हवा जगाची म्हणून खपेल.

मोठा बदल मात्र ऋतूचा. जूनमध्ये चोर्ला घाट चढून आपल्याकडे येणारी हवा विषुववृत्तापलीकडून निघालेली असते, तिकडे कारखाने कमी. पण वाटेतला अरबी समुद्र काही नुसता वायू पिणारा नाही. सोमालिया, ओमानजवळ हाच जोरकस वारा खोलातलं गार पाणी वर आणतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड उलट हवेत सुटतो.

खानापूरकडे वळवाची पहिली सर पडली की मातीचा वास येतो ना, त्याच वेळी कोरड्या मातीतले जीवाणू जागे होऊन भसाभस कार्बन डायऑक्साइड सोडतात. रोपं तरारली, की ती तो ओढू लागतात.

वाऱ्याच्या दिशेनं जगाचा सरासरी आकडा हलत नाही. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख रेणूंमागे सुमारे ३१५ असलेला हा वायू आज ४२० च्या वर गेलाय, तो मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून. वारा फक्त कुणाची हवा कुणाच्या दारात हे ठरवतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून वाहतो; रात्री समुद्रावर गेलेली हवा दुपारी खारा वारा बनून परतही येते. येळ्ळूरच्या शेकोटीचा अंश त्या बाटलीत गेलाही असेल.