मळी आणि इंधन मद्यार्क (बेळगाव सीमाभाग)

मळी : उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर मागे राहणारा दाट, काळपट पाक. आंबवून व ऊर्ध्वपातन करून त्यापासून मद्यार्क (इथेनॉल) मिळतो आणि पाणी पूर्णपणे काढलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला जातो. बेळगाव जिल्ह्याच्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा या नद्यांकाठच्या तालुक्यांत, म्हणजे निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी व गोकाक येथे, हा विषय शेतीचा, दराचा आणि पेट्रोलपंपावरचा असा तिन्ही अंगांनी चर्चेत असतो. (जिल्ह्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ आहे, मराठी वापरातील ‘बेळगाव’ हे रूप या नोंदीत ठेवले आहे.)

शब्द : ‘मळी’ ही ‘मळ’ या शब्दावरून आली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मळी नेमकी कशाला म्हणायचे याचा. सीमाभागात हा एकच शब्द निदान चार पदार्थांसाठी वापरला जातो आणि दराची किंवा प्रदूषणाची निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात.

जुना अर्थ गुऱ्हाळातला. काहिलीतला (मोठ्या पसरट कढईतला) रस तापू लागला की गुळव्या (गूळ करणारा कारागीर) त्यात भेंडीच्या ठेचलेल्या खोडांचे बुळबुळीत पाणी ओततो. रसातला गाळ त्या चिकट पाण्याला धरून वर येतो आणि हिरवट-काळ्या, फेसाळ सायीसारखा तरंगतो. ती साय झाऱ्याने ओढून काढतात. तिला मळी म्हणतात. मळी वेळेवर निघाली नाही तर गूळ काळा पडतो. दुसरा अर्थ कारखान्यातल्या गाळणीवर उरणाऱ्या मऊ, मातकट चोथ्याचा. तांत्रिक भाषेत हे प्रेसमड. उसाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के भरते आणि ट्रॉलीने शेतात जाते. ‘रानात दोन ट्रॉल्या मळी टाकली’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला हीच मळी अभिप्रेत असते. तिसरा अर्थ प्रस्तुत नोंदीचा : टाकीत साठवला जाणारा पाक. चौथा अर्थ ‘मळीचे पाणी’ किंवा ‘मळीमिश्रित पाणी’ या जोडशब्दातला. तो मद्यार्क निर्मितीनंतरच्या सांडपाण्यासाठी योजतात. वास्तविक त्या पाण्यात मळी उरलेलीच नसते. तिच्यातली साखर यीस्टने खाल्लेली असते.

‘काकवी’ या शब्दाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठीत काकवी म्हणजे गुळाच्या अलीकडच्या टप्प्यावर काहिलीतून काढून घेतलेला, भाकरीशी खाण्याचा पाक. कारखान्यातल्या पाकाला मराठी माणूस सहसा काकवी म्हणत नाही. कन्नडमध्ये मात्र ‘काकंबी’ हा शब्द कारखान्यातील मळीलाही चालतो. त्यामुळे एकाच टँकरमधला माल निपाणीतल्या मराठी बोलण्यात मळी असतो आणि कन्नड कागदपत्रांत काकंबी. हे दोन शब्द एकच आहेत हे उघड आहे. कोणी कोणाकडून घेतला, हे तितके उघड नाही. एका बाजूने म्हणता येते की मूळ रूप अनुनासिक व्यंजनासह, म्हणजे कन्नडसारखे असावे आणि मराठीत ‘म्ब’ शिथिल होऊन ‘व’ झाला असावा. ‘ग्राम’चे ‘गाव’, ‘नाम’चे ‘नाव’ होताना मराठीने ओष्ठ्य अनुनासिक असाच सैल केला आहे. दुसऱ्या बाजूने, कन्नडमधील गुळाच्या धंद्याचे शब्द पाहावेत. गूळ ‘बेल्ल’, गुऱ्हाळ ‘आलेमने’, पातळ गूळ ‘जोनीबेल्ल’. हे सारे एका घराण्यातले दिसतात आणि ‘काकंबी’ त्यांच्यात पाहुणा वाटतो. मराठीतील जुन्या, अनुनासिक उच्चाराच्या ‘काकंवी’सारख्या रूपावरून कन्नडने तो घेतला आणि ‘व’चा ‘ब’ करून अनुनासिक टिकवला, असे मानल्यास दोन्ही रूपांचा उलगडा होतो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. निर्णायक मात्र म्हणता येत नाही, कारण मराठीतही या शब्दाची फोड समाधानकारकपणे होत नाही. संस्कृतातील ‘फाणित’ याच वस्तूला लावतात, पण त्याच्याशी काकवीचे ध्वनिसाम्य नाही.

‘मद्यार्क’ हा शब्द तुलनेने सरळ : मद्य अधिक अर्क. यातील अर्क अरबी ‘अरक’ (घाम, पाझर, ऊर्ध्वपातित द्रव) यावरून आलेला दिसतो. संस्कृत ‘अर्क’ म्हणजे सूर्य किंवा रुई, त्याचा येथे संबंध जोडण्याचे कारण नाही.

तंत्र : कारखान्यात रस आटवून साखर तीन फेऱ्यांत काढतात. पहिल्या फेरीनंतर उरलेला पाक ‘ए’, दुसरीनंतरचा ‘बी’ आणि तिसरीनंतरचा ‘सी’. तीनही फेऱ्या पूर्ण केल्यावरची मळी ती सी-हेवी. उसाच्या वजनाच्या ४ ते ४.५ टक्के. दुसऱ्या फेरीनंतरच थांबले तर बी-हेवी. ती ६ टक्क्यांच्या पुढे जाते, कारण तिच्यात काढता आली असती अशी साखर तशीच ठेवलेली असते. सी-हेवीच्या एका टनापासून सुमारे २२५ लिटर मद्यार्क मिळतो, बी-हेवीच्या टनापासून सुमारे ३००. साखर अजिबात न काढता थेट रस वळवला तर टनभर उसाला ७० लिटरच्या आसपास. ‘उपपदार्थ’ हा शब्द फक्त सी-हेवीला लागू पडतो. बी-हेवी हा कारखान्याने घेतलेला निर्णय असतो, उरलेला गाळ नव्हे. पण दोन्हींना एकच ‘मळी’ म्हटल्याने हा फरक बोलण्यातून पुसला जातो.

मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. आंबवणीनंतरच्या द्रवात मद्यार्क थोडाच असतो. ऊर्ध्वपातनाने तो वाढवत नेता येतो, पण वजनी ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. त्या प्रमाणात पाणी व मद्यार्क ७८.२ अंश सेल्सिअसला एकाच वस्तूप्रमाणे उकळतात आणि वाफेचे घटकप्रमाण द्रवासारखेच राहते. स्तंभ कितीही उंच केला तरी उपयोग नाही. पूर्वी यावर बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन मिसळून पाणी ओढून घेत. आता रेण्वीय चाळणी वापरतात. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांतील छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) असतात, पाण्याचा रेणू सुमारे २.८चा आणि मद्यार्काचा सुमारे ४.४चा, पाणी छिद्रात अडकते, मद्यार्क पुढे जातो. मणी पाण्याने भरले की दुसरा मनोरा चालू करून पहिला आतली हवा ओढून घेऊन (निर्वात करून) वाळवतात. पिण्याच्या दारूसाठी या शेवटच्या पायरीची गरज नाही. इंधनासाठी ती टाळता येत नाही.

साठवणीचा एक धोका कारखान्याबाहेर फारसा माहीत नसतो. मळी स्वतःहून तापते. तिच्यातील शर्करा व अमिनो द्रव्ये हळूहळू अभिक्रिया करतात, उष्णता सुटते, उष्णतेने अभिक्रिया आणखी वाढते आणि टाकी फेसाळून वर येते. म्हणून उन्हाळ्यात टाकीवर पाणी सोडतात व मळी पंपाने फिरवत ठेवतात.

इतिहास : सीमाभागातील मोठी साखर कारखानदारी विसाव्या शतकातली. कृष्णाकाठी मिरज-बेळगाव लोहमार्गावरील उगार खुर्द येथील कारखाना १९३९चा. संकेश्वरचा हिरण्यकेशी आणि चिक्कोडीचा दूधगंगा-कृष्णा हे नंतरच्या सहकारी पर्वातले. बेळगावातील एस. निजलिंगप्पा साखर संस्थेत साखर व मद्यार्क तंत्राचे शिक्षण दिले जाते.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची सुरुवात केव्हा मानायची, यावर दोन दृष्टी आहेत. कायद्याच्या अंगाने पाहणारे १९४८च्या भारतीय पॉवर अल्कोहोल अधिनियमाकडे बोट दाखवतात; तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होते. प्रत्यक्ष पंपाच्या अंगाने पाहणारे २००१चे प्रायोगिक प्रकल्प धरतात. त्या प्रकल्पांपैकी एक मिरजेला होता (दुसरे मनमाड व उत्तर प्रदेशातील बरेली भागात). सीमाभागाच्या दृष्टीने मिरजेचे महत्त्व जास्त वाटते, कारण अथणी-कागवाडची बाजारपेठ व दवाखाना दोन्ही मिरज-सांगलीच. गंमत अशी की जुना अधिनियम २००० साली रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी प्रयोग सुरू झाला. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण आले. त्यांत कर्नाटक व महाराष्ट्र दोन्ही होते. मधली वर्षे मंदच गेली. २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवीला वेगळा, चढा दर मिळाला आणि चित्र पालटले. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरला झाला आणि २०२५ मध्ये सरासरी २० टक्क्यांवर पोहोचली.

परवाना : एकच द्रव, पण तो दारू की रसायन की इंधन यावर परवाना कोणाचा हे ठरते. १९५६पर्यंत बेळगावला मुंबईचा १९४९चा दारूबंदी कायदा लागू होता. नंतर म्हैसूर राज्य आणि १९६५चा अबकारी कायदा. मळीच्या दरावर व वाटपावर १९६१च्या केंद्रीय आदेशाचे नियंत्रण १९९३पर्यंत होते. औद्योगिक मद्यार्क राज्यांच्या अखत्यारीत येत नाही, असा १९८९चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होता. तो २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ मताने फिरवला व ‘मादक द्रव’ या संज्ञेत औद्योगिक मद्यार्कही येतो असे ठरवले. मळीवरील वस्तू व सेवा कर २०२३च्या ऑक्टोबरात २८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले.

वाद : शेतकऱ्याचा मुद्दा उताऱ्याचा, म्हणजे उसाच्या वजनातून टक्केवारीने किती साखर निघाली याचा आहे. रास्त व किफायतशीर दर (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो (२०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये). बी-हेवी काढली की साखर कमी निघते आणि उतारा कागदावर दीड टक्क्यापर्यंत खाली दिसतो. मळीत गेलेली साखर हिशेबात पुन्हा मिळवावी, असा नियम आहे. किती मिळवावी, यावर हंगाम सुरू होताना काट्यावर, चावडीवर आणि चहाच्या टपरीवर बोलणे होते. २०२५च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातील गुर्लापूरला टनाला ३,५०० रुपयांसाठी झालेल्या आंदोलनात मद्यार्काच्या उत्पन्नाचा वाटा हा विषय होताच. कारखान्यांचे उत्तर असे की मद्यार्काचा दर व खरेदीचे वाटप दोन्ही केंद्र व तेल कंपन्या ठरवतात. ७ डिसेंबर २०२३ रोजी थेट रसापासूनच्या मद्यार्कावर अचानक बंदी आली आणि आठवड्याभरात ती शिथिल करावी लागली, हे उदाहरण त्यांच्या बाजूने वजनदार आहे. सी-हेवी मद्यार्काचा २०२४-२५चा दर लिटरला ५७.९७ रुपये, तर मक्यापासूनच्या मद्यार्काचा ७१.८६, उसाच्या पट्ट्यात ही तफावत कोणाला पटत नाही.

ऊस सीमा ओलांडतो, हाही एक पदर. शिरोळ-कागलचा ऊस कर्नाटकात आणि चिक्कोडीकडचा महाराष्ट्रात, ज्याचा बॉयलर आधी पेटेल त्याच्याकडे जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस नेण्यास मनाई केली आणि विरोध होताच थोड्याच दिवसांत मागे घेतली.

वाहनधारकाचा वाद वेगळा. मद्यार्काच्या लिटरात पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ऑक्टेन (इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता) मात्र जास्त. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानुसार २० टक्के मिश्रणाने जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे इंधनमान ६ ते ७ टक्के, दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटते; इंजिन त्यासाठी जुळवलेले असेल तर घट १ ते २ टक्के. ‘गाडी निम्मीच पळते’ ही तक्रार या आकड्यांत बसत नाही आणि ‘काहीच फरक पडत नाही’ हा दावाही बसत नाही. खानापूरसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात पाण्याचा प्रश्न अधिक खरा आहे. मद्यार्क पाणी ओढतो. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की तो पेट्रोल सोडून पाण्याशी जातो आणि तळाशी स्वतंत्र थर बसतो. पावसाळाभर उभ्या असलेल्या जुन्या दुचाकीच्या कार्बोरेटरची वाटी उघडली की हा थर डोळ्यांनी दिसतो : वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा द्रव आणि फुगून जागा सोडलेली रबरी चकती. त्या थरावर इंजिन चालू होत नाही. कोल्हापूरकडची वाहने कागल ओलांडून कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर स्वस्तात टाकी भरतात, पण मिश्रण दोन्ही बाजूंना तेच असते.

सांडपाणी : मद्यार्काच्या दर लिटरमागे ८ ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी निघते. रंग मेलॅनॉइडिनांचा (शर्करा व अमिनो द्रव्यांच्या अभिक्रियेतून बनलेल्या तपकिरी द्रव्यांचा) असतो आणि सहजासहजी जात नाही. पूर्वी ते प्रेसमडवर शिंपडून खत करत. आता ते घट्ट करून बॉयलरमध्ये जाळण्याची पद्धत रूढ आहे. राखेत उसाने जमिनीतून उचललेले पालाश (पोटॅश) परत मिळते. किमान १४.५ टक्के पालाश असलेली ही राख अनुदानित खतांच्या यादीत ‘मळीजन्य पोटॅश’ म्हणून आली आहे आणि ट्रॉलीने पुन्हा त्याच रानात जाते.