पेरूचं ताट: भाताशेजारी बटाटा

पेरूच्या राजधानीत, लिमातल्या साध्या खाणावळीत ‘लोमो साल्तादो’ मागवलं की गोमांसाच्या परतलेल्या पट्ट्या येतात, त्यांत कांदा, टोमॅटो, पिवळी मिरची, सोया सॉस आणि तळलेले बटाटेही मिसळलेले. शेजारी भाताची मूद. बटाटा आणि भात एकाच ताटात, याचं आपल्याला नवल वाटणार नाही. पण पेरूत (देशात, फळात नव्हे, ते फळही मूळचं अमेरिका खंडाचंच म्हणा) ही जोडी जमायला काही हजार वर्षं लागली.

सुरुवात अर्थातच बटाट्यापासून. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगराळ भागात सुमारे 7 ते 8 हजार वर्षांपूर्वी माणसाने तो लागवडीखाली आणला. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा. आपण बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतो आहोत, इतकंच. अँडीज पर्वतात आजही बटाट्याच्या 4 हजारांहून अधिक देशी जाती आहेत: जांभळ्या, लाल, पाइनॅपलसारख्या खवलेदार. 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र लिमात सुरू झालं, ते योग्य ठिकाणीच.

पण मला बटाट्यापेक्षा ‘चुन्यो’चं जास्त कौतुक वाटतं. जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, उंच पठारावर रात्री गोठवणारी थंडी पडते आणि दिवसा ऊन लख्ख असतं. बटाटे जमिनीवर पसरून रात्री गोठू द्यायचे, दिवसा वितळले की अनवाणी पायांनी तुडवून पाणी आणि सालं काढायची, मग खडखडीत वाळवायचे. हलके, खड्यासारखे टणक झालेले हे बटाटे कित्येक वर्षं टिकतात. आपल्या वाळवणाचाच प्रकार, फक्त उन्हाच्या जोडीला थंडीही राबवलेली. स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांची सरकारी कोठारं अशा साठ्यावर चालत. पुढे स्पॅनिश व्यापाऱ्यांनी हाच चुन्यो पोतोसीच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांना विकून पैसा केला.

स्पॅनिश आले 1532 मध्ये. त्यांच्याबरोबर कांदा, लसूण, जिरं, लिंबू, द्राक्षं, गाईगुरं आली. जुनं मात्र हटलं नाही. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं चित्र आहे. त्यात येशूच्या समोरच्या ताटात भाजलेला ‘कुई’, म्हणजे गिनीपिग आहे!

स्पॅनिशांनी आफ्रिकेतून गुलामही आणले. मालकांच्या स्वयंपाकघरात चांगलं मांस जाई. काळीज (म्हणजे हृदय), आतडी असलं उरलंसुरलं गुलामांच्या वाट्याला येई. ‘आंतिकुचो’ त्यातून घडल्याचं सांगतात: गाईबैलाच्या काळजाचे तुकडे लाल मिरची, व्हिनेगर, लसूण, जिऱ्यात मुरवून, काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले.

गुलामगिरी 1854 मध्ये संपली, पण राबणारे हात लागतच होते. 1849 ते 1874 या काळात सुमारे 1 लाख चिनी मजूर करारावर आणले गेले. उसाचे मळे, रेल्वे, पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताची बेटं अशा ठिकाणी त्यांना जुंपलं गेलं; कराराचं नाव, हाल बहुधा गुलामांचेच. करारात तांदळाचा शिधा असे. करार संपलेल्या अनेकांनी शहरात खानावळी काढल्या आणि त्यातून अशा चिनी-पेरूवी खानावळीसाठी ‘चिफा’ हा शब्द रुळला. आज लिमातला माणूस आल्याला स्पॅनिश नावाऐवजी ‘किओन’ म्हणतो आणि सोया सॉसला ‘सिय्याओ’. दोन्ही शब्द चिनी. लोमो साल्तादो त्याच कढईतलं.

1899 मध्ये ‘साकुरा मारू’ जहाजातून 790 जपानी मजूर उतरले. त्यांचा ठसा ‘सेविचे’वर, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मासळीवर उमटला. किनाऱ्यावरचे लोक मासळी आंबट रसात मुरवून पूर्वीपासून खात असावेत. लिंबू आणि कांदा स्पॅनिशांचा. लिंबात ती तासन् तास ठेवायची रीत होती. कच्च्या मासळीची सवय असलेल्या जपानी आचाऱ्यांमुळे हा वेळ काही मिनिटांवर आला, असं मानलं जातं. सोबत उकडलेलं रताळं आणि मका असतो. पहाटेची मासळी दुपारीच संपवायची, म्हणून जुन्या पद्धतीच्या सेविचेच्या खानावळी संध्याकाळी बंद असतात. 2023 मध्ये युनेस्कोने सेविचेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

या सगळ्याला प्रतिष्ठा मिळाली ती फार उशिरा. लिमातल्या उच्चभ्रूंना बराच काळ फ्रेंच जेवणाचंच अप्रूप होतं. पेरूचा नामवंत आचारी गास्तोन आकुरिओने 1994 मध्ये लिमात रेस्तराँ काढलं तेही फ्रेंच पदार्थांचं. देशी चवींकडे तो नंतर वळला. 2025 मध्ये जगातल्या 50 सर्वोत्तम रेस्तराँच्या यादीत पहिलं आलं ते लिमातलं ‘माईदो’, जपानी-पेरूवी जेवणाचं.

रस्त्यावरच्या आंतिकुचोच्या गाडीवर मात्र संध्याकाळी तशीच गर्दी असते. काळजाचे तुकडे ओवून झाले की काडीच्या टोकाला उकडलेला बटाटा टोचून देतात.